परत आलेले डबे

बाळीवेशीतल्या आमच्या दुकानात
रंग मिसळायचं मशीन आलं, त्याला नऊ वर्षं झाली.
नंबर दाबला की थेंब मोजून पडतात,
तरी आठवड्याला एक तरी डबा परत येतोच.
नवरीच्या खोलीला पिस्ता सांगितला होता,
भिंतीवर शेवाळ निघालं.
क्लासवाल्या सरांना शांत निळा हवा होता,
त्यांच्या बायकोला तो दवाखाना वाटला.
आणि एका घरी सुतक पडलं,
लाल डबा अर्ध्यावरून आला.
उघडलेला डबा कंपनी घेत नाही.
शेठ म्हणतात, राजमणीबाई, घेऊन जा,
नाहीतर ओता नाल्यात.

मी घेऊन जाते.

विडी घरकुलात माझ्या वाट्याला दोन खोल्या
आणि वर गच्ची. मे महिन्यात
सातच्या आधी तिथं पाय ठेववत नाही.
सातनंतर बल्ब लावते.
रंगावर साय धरलेली असते, ती सुरीनं बाजूला करते,
खालचा रंग नेहमी वरच्यापेक्षा ओला, जरा लाजल्यासारखा.

काढते कशावर? मिळेल त्यावर.
पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा ठोकून सपाट केलेला पत्रा.
निवडणुकीच्या फ्लेक्सची पाठ,
पुढून जो कोणी हसतोय तो भिंतीला हसू दे.
आईचं विड्यांचं सूप,
वेतात अजून तंबाखू आहे,
पांढरा लावताना मला शिंका आल्या.
त्या सुपावर एकच पट्टा ओढला आणि थांबले.
जास्त काही करायची हिंमत झाली नाही.

शेजारची श्रीदेवी कपडे वाळत घालता घालता विचारते,
हे काय आहे गं?
काही नाही.
डोंगर?
नाही.
मग देव असेल.
देव पण नाही.
हा कोपरा तरी कडक भाकरीसारखा दिसतोय बघ.
म्हटलं, असू दे.

माळ्यावर नायनांच्या जॅकार्डचे पुठ्ठे होते.
माग किलोवर गेला, लोखंड गेलं, लाकूड गेलं,
पुठ्ठ्यांना भंगारवाल्यानं भाव केला नाही
म्हणून ते राहिले,
दोरीनं एकमेकांना शिवलेले, भोकाभोकांचे.
भोक असेल तिथं उभा धागा उचलायचा,
नसेल तिथं गप्प बसायचं.
एवढंच त्यांना येत होतं
आणि एवढ्यावर आमचं घर चाललं.

परवा त्यातले चोवीस मी गच्चीवर उलगडले.
शेवाळी ओतला. दवाखान्याचा निळा.
सुतकाच्या लालची तळातली खरवड.
खराट्याच्या काड्यांनी ओढत राहिले,
कुठं जायचंय ते माहीत नसताना
हात जातो तसा.
बरं झालं होतं. मला आवडलं होतं.

सकाळी पुठ्ठे उचलले तर खाली फरशीवर
ठिपके. भोकांतून गळलेले,
ओळीवर ओळ.
फडकं ओलं करून आणलं, तेवढ्यात
नायना जिना चढून आले, एकेका पायरीवर थांबत.
हातातल्या चित्राकडं त्यांनी पाहिलंच नाही.
खाली बसले.
डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून बोटानं वाचू लागले,
इथं मान. इथनं तुरा.
हा आमचा डबल बेडच्या चादरीचा मोर, बिड्डा,
पण तू पुठ्ठे उलटे टाकलेस,
शेपटीकडनं निघालाय.

मला ठिपके दिसत होते.
लाल, निळे, काही एकात एक मिसळलेले.
जे मला सगळे विचारतात
ते मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं,
कुठाय?

नायना हसले. धागा नाही ना त्यात,
दिसणार कसा तुला.
मग त्यांना चहा हवा होता.

फरशी पुसायची राहिली आहे.
श्रीदेवी ठिपके ओलांडून दोरीपर्यंत जाते.
शेठना आज विचारेन,
पिवळा कधी परत येतो का.
पिवळा सहसा कोणी परत करत नाही.